तेलाची वाटी आणि तांदळाचे दाणे

आषाढ लागला की आमच्या भंडारा जिल्ह्यात दोन गोष्टी हमखास सुरू होतात. शेतात धानाची रोवणी आणि घराघरांत तेलाच्या वाट्या गरम करणे. कोकणात जिला लावणी म्हणतात, तीच आमच्याकडची रोवणी. पऱ्ह्यांच्या पेंढ्या जवळ घ्यायच्या, घोटाभर चिखलात उभे राहायचे, कमरेत वाकायचे आणि एकेक रोप खोचत मागे मागे सरकायचे. सकाळी वाकलेली बाई संध्याकाळीच काय ती सरळ होते. चिखलणी पुरुषांची, वाकणे मात्र बायकांचे, अशी ही जुनी वाटणी आहे.

आमच्या घरी शेतावरून येणाऱ्या एका बाईला मी एकदा विचारले, "फार दुखते का हो पाठ?" ती हसली आणि म्हणाली, "पाठ कोनाची दुखत नाही जी बाई? दुखनं काय सांगाचं?"

तिच्या त्या "काय सांगाचं"वर मी पुष्कळ दिवस विचार केला. कारण कधी बांधीत पाय न घातलेल्या, गावात, गॅसच्या ओट्याशी उभ्या राहणाऱ्या आम्ही बायकादेखील तेच म्हणतो. अंग मोडून येते, उभे राहवत नाही आणि हल्ली काही लक्षात राहत नाही. हळदीकुंकवाला चार जणी जमल्या की साडीनंतर विषय निघतो तो याच तीन गाऱ्हाण्यांचा. मग प्रत्येकीकडे एकेक उपाय असतोच. कुणी आस्कंद सांगते, कुणी गुग्गुळ, कुणी ब्राह्मी. विचारत मात्र कुणीच नाही की बाई गं, हे झाले कशाने?

आमच्या सासूबाईंचा तेलावर भारी विश्वास. तिळाचे तेल, त्यात निरगुडीचा पाला आणि थोडा ओवा घालून मंद आचेवर कढवायचे, पाला कुरकुरीत झाला की गाळून बाटलीत भरायचे. आमच्या भागात मोहाच्या बियांचे तेलही लावतात. त्याला वास उग्र, पण थंडीत सांध्यांना बरे वाटते. या तेल लावण्याला मी मुळीच हसत नाही. चरकसंहितेत रोजच्या दिनचर्येत अभ्यंग सांगितला आहे, आणि दाखला कसा घरगुती दिला आहे पाहा. तेल मुरलेले मडके, तेल लावलेले कातडे आणि वंगण घातलेला गाडीचा आख जसा टिकतो, तसे अंग टिकते. त्यातून बाईला आणखी एक फायदा. तेल लावायला बसली की तेवढी वीस मिनिटे तिला कुणी "माझा डबा कुठं आहे" असे विचारत नाही!

पण हेच तेल आमच्या मोठ्या जाऊबाईंच्या बाबतीत उपयोगी पडेना. त्यांची हकिगत सांगण्यासारखी आहे, आणि त्यांना विचारूनच सांगते आहे.

मोठ्या जाऊबाई म्हणजे घरातला कणा. वयाची चाळिशी उलटली आणि त्यांचे काहीतरी बिनसले. पिंडऱ्या वळायच्या, कंबर भरून यायची, जिना चढताना मध्येच थांबायच्या. पूर्वी शंभर माणसांच्या जेवणाचे तिखटमीठ डोळे मिटून घालणारी बाई, पण आता भाजीत दोनदा मीठ पडू लागले. सासूबाई म्हणायच्या, "हिचं लक्ष कुठं राहते, देव जाणे! रोज दूध उतू जाऊन राहिलं." दीरांचे मत निराळे, ते म्हणत आळस वाढला. मुले म्हणत आई चिडकी झाली. रात्री पायांना तेल, सकाळी डिंकाचा लाडू, संध्याकाळी शंखपुष्पीचे सरबत, सगळे झाले. वर्ष गेले, फरक शून्य. चेहरा मात्र पिठासारखा होत चालला होता. रोज बघणाऱ्याला तो दिसत नाही, हे मी त्यावेळी पाहिले.

शेवटी आमच्या गल्लीपलीकडच्या वैद्यांकडे नेले. म्हातारे गृहस्थ, नागपूरला शिकलेले, बोलणे तुटक. मला वाटले नाडी धरतील आणि पुड्या बांधून देतील. त्यांनी नाडी पाहिली, मग खालची पापणी ओढून पाहिली, जीभ पाहिली, नखे दाबून पाहिली. आणि एकदम विचारले, "तांदूळ खाता का कच्चे?"

जाऊबाई अशा लाजल्या की जणू चोरी पकडली! निवडता निवडता मुठी मुठी तांदूळ तोंडात टाकायची सवय त्यांना लागली होती. आमच्याकडे तांदळाला काय तोटा? डबा उघडला की हात आत. आम्ही सगळ्यांनी ते पाहिले होते आणि हसण्यावारी नेले होते. डोहाळे लागले की काय, अशी थट्टाही झाली होती.

वैद्यबुवांनी समजावले ते असे. रक्त कमी झाले, विशेषतः अंगातले लोह कमी झाले, की पुष्कळ बायकांना माती, खडू, पाटीची पेन्सिल, कच्चे तांदूळ, बर्फ असले काहीतरी खावेसे वाटते. आयुर्वेदाला हे नवे नाही. चरकाने पांडुरोगाचे पाच प्रकार केले, त्यातला पाचवा माती खाण्यामुळे होणारा. पोटऱ्या वळणे, अंग दुखणे, दम लागणे, चिडचिड, थकवा ही सगळी लक्षणे त्या पांडुरोगाच्या वर्णनात आहेत. म्हणजे जाऊबाईंच्या ज्या तीन तक्रारींसाठी आम्ही तीन बाटल्या आणल्या होत्या, ती तक्रार एकच होती!

आता कुणाला वाटेल, वैद्याने लोहभस्म दिले असेल, पुनर्नवा मंडूर दिले असेल आणि संपले. तसे नाही. त्यांनी आधी चिठ्ठी दिली ती रक्त तपासायची. हिमोग्लोबिन निघाले सात! बाईचे बारा तरी असावे लागते. मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, जो विचारण्याची घरात कुणाची प्राज्ञा नव्हती. "रक्त जातंय कुठं?"

पाळीच्या वेळी फार जात होते. आठ आठ दिवस. दोन अडीच वर्षे. कुणाला सांगितले नव्हते. सासूबाईंना नाही, नवऱ्याला नाही, मलाही नाही. रात्री उठून चादर धुवायच्या आणि सकाळी सगळ्यांच्या आधी चहा ठेवायच्या. विचारले तर म्हणाल्या, "वय झालं की जाते असं, म्हणून म्हटलं, काय सांगायचं." पुन्हा तेच "काय सांगायचं".

वैद्यबुवांनी त्यांना लेडी डॉक्टरकडे पाठवले. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठी निघाल्या. साध्या होत्या, पण रक्त नेत होत्या. पुढचे उपचार सांगत बसत नाही, ते ज्याचे त्याचे वेगळे असतात. लोहाच्या गोळ्या मात्र हिमोग्लोबिन बारा झाल्यावरही तीन महिने चालू होत्या, कारण अंगातला साठा भरायला तेवढे दिवस लागतात. बऱ्याच जणी शौचाला काळे होते म्हणून त्या मध्येच टाकून देतात. काळे होणारच, घाबरू नये.

आयुर्वेदात एक शब्द आहे, निदानपरिवर्जन. म्हणजे ज्यामुळे दुखणे झाले ते कारण दूर करणे. सुश्रुताने थोडक्यात चिकित्सा म्हणजे हेच, असे मानले आहे. औषध त्यानंतरचे. आपण बायका नेमके उलटे करतो. औषध आधी, कारण कधीच नाही. आणि मग नाव जाते आयुर्वेदाचे.

आमच्या जिल्ह्यात या शब्दाचा एक भयंकर दाखला आहे. धान उभे असतानाच त्याच्या ओलीवर लाखोळी पेरतात. तिची डाळ स्वस्त, पीक हुकमी. पण महिनोन् महिने पोटभर तीच डाळ खाल्ली तर पाय ताठतात, माणूस काठीवर येतो. सुश्रुताने वातव्याधींत कलायखंज नावाचा लंगडेपणा सांगितला आहे, आणि पुढे सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात या डाळीचा दोष स्पष्ट लिहिलेला आहे. १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी आली, महाराष्ट्रात ती २००८ साली उठली. थोडीफार खाल्ली तर काही होत नाही, भिजवून पाणी फेकून दिले तर दोष कमी होतो, आणि आमच्याकडे तिची कोवळी भाजी आवडीने करतात. पण एकदा का पाय गेले की कितीही तेल चोळा, ते परत येत नाहीत. तिथे डाळ थांबवणे हाच उपाय, आणि तोही वेळेवर.

चिखलाचेही तसेच. अनवाणी पायांनी ओल्या मातीत काम करणाऱ्यांच्या तळव्यांतून आकडेकृमी शिरतात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात. अशा बाईला डिंकाचे लाडू खाऊ घालून काय होणार? ते कृमींनाच पोसणे झाले. आधी जंताचे औषध हवे. आयुर्वेदातही पांडुरोगाच्या विचारात कृमी येतातच.

आणि एक फार महत्त्वाचे, ते आमच्या विदर्भातल्या भगिनींनी तरी नीट वाचावे. आमच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईंची मुलगी लहानपणापासून हातपाय दुखतात म्हणून रडायची. पावसात भिजली, थंडी पडली की जास्तच. आजी म्हणायची वात आहे, मोहाचे तेल लावा. शाळेत तपासणी झाली तेव्हा निघाला सिकलसेल. हा आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार, यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक नसांत अडकतात, म्हणून कळा येतात. विदर्भात आणि आदिवासी भागांत तो पुष्कळ आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलला देशपातळीवरचे सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले, त्याआधीपासून आपल्या राज्यातही काम चालू होते. पहिली तपासणी बोटाच्या थेंबभर रक्ताची असते आणि सरकारी दवाखान्यात फुकट होते. असा आजार असलेल्याला सरसकट लोहाच्या गोळ्या देऊन चालत नाही, म्हणून चेहरा पांढरा दिसला की आपल्या मनाने लोह सुरू करू नये. लग्न ठरवताना पत्रिकेबरोबर हीही तपासणी पाहावी. दोघांनाही दोष असेल तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. त्या मुलीला आता भरपूर पाणी पाजतात, थंडीत पाय झाकतात, डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. आजी तेलही लावते. लावू दे, आजीचा हात आहे तो. फक्त कळ जास्त आली, ताप आला किंवा छातीत दुखले तर तेलाची वाटी ठेवून आधी दवाखाना गाठायचा, हे आजीला पढवून ठेवले आहे.

तेलाचे आणखी एक. सगळ्याच दुखण्याला तेल चालते हा समज आयुर्वेदाचा नव्हे. वय झाल्यावर गुडघे कटकट वाजतात, चालले की दुखतात, बसले की बरे वाटते, तिथे कोमट तेल आणि नंतर शेक बरा. पण सकाळी उठताना बोटांची मूठ वळत नाही, सांधे सुजून गरम होतात, तोंडाला चव नसते, अंग जड होते, त्याला आयुर्वेद आमवात म्हणतो. माधवनिदानात त्याचे वेगळे वर्णन आहे. तिथे सुरुवातीला तेल चोळणे वर्ज्य. वाळू गरम करून पुरचुंडीत बांधून कोरडा शेक द्यावा, जेवण हलके ठेवावे. सुंठीच्या काढ्यातून एरंडेल देतात, पण ते वैद्याला विचारून. आणि अशा सुजेला रक्ताची तपासणी हवीच, कारण महिनोन् महिने अंगावर काढले तर बोटे वाकडी होतात आणि मग ती सरळ होत नाहीत.

आठवडी बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांबद्दल तर मला रागच आहे. आमच्या शेजारच्या काकूंनी गुडघ्यांसाठी अशी करड्या रंगाची गोळी आणली. दोन दिवसांत दुखणे पळाले! काकू गल्लीभर प्रचार करू लागल्या. चार महिन्यांत चेहरा गरगरीत गोल झाला, अंगावर जरा लागले की निळे डाग, साखर वाढलेली. वैद्यबुवा बघताक्षणी म्हणाले, "यात जडीबुटी नाही, स्टेरॉईड आहे." जादूसारखा गुण देणारी बिनलेबलाची औषधे म्हटली की हा संशय धरावाच. अशी गोळी बरेच दिवस घेतली असेल तर एकदम बंदही करू नका, तेही घातक असते. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि सगळे सांगा. औषध आयुर्वेदिक असले तरी वेष्टनावर घटक, परवाना क्रमांक, बनवल्याची तारीख पाहावी. ज्यात पारा, बचनाग, बिब्बा यांसारखे जहाल घटक असतात त्यांवर वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे, अशी सूचना छापणे कायद्याने सक्तीचे आहे. आस्कंद साधा वाटतो, पण थायरॉईडच्या गोळ्या चालू असतील, दिवस गेले असतील किंवा यकृताची तक्रार असेल तर तोही आपल्या मनाने घेऊ नये.

थायरॉईडचे नाव निघालेच आहे तर विसरण्याकडे वळते. अंगदुखी, थकवा आणि विसर ही तिन्ही एकदम आली, त्यात वजन वाढतेय, थंडी सोसत नाही, केस गळतात, असे असेल तर थायरॉईडची तपासणी करावी. शुद्ध शाकाहारी घरांत बी-१२ जीवनसत्त्व कमी पडते. त्यानेही हातापायाला मुंग्या येतात आणि डोके चालेनासे होते. स्मृतीसाठी चरकाने चार मेध्य रसायने सांगितली आहेत. मंडूकपर्णीचा रस, दुधातून ज्येष्ठमध, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पी. आपण कुंडीत जी गोल पानांची वेल ब्राह्मी म्हणून लावतो ती बहुधा ही मंडूकपर्णीच असते. दुसरी ब्राह्मी बारीक, जाडसर पानांची, पाण्याकाठी वाढणारी. नर्सरीवाल्याशी यावरून माझे एकदा वाजले आहे.

पण मला विचाराल तर आपल्या वयाच्या बायकांचे निम्मे विसरणे हे विसरणे नव्हेच. गॅसचा नंबर, शाळेची फी, मामंजींची गोळी, दुधाचा हिशेब, नणंदेच्या मुलीचे केळवण, पापडाचे पीठ, कुणाला काय आवडत नाही, एवढे सगळे एकाच डोक्यात ठेवायचे आणि वर झोप पाच तास. आयुर्वेद आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन खांब मानतो. त्यातला मधला खांब आपण स्वतःच कापत असतो. ओट्यावर एक वही आणि दोरीला बांधलेली पेन्सिल ठेवावी. किराणा मी लिहीन, फी "ह्यांनी" लिहावी. शंखपुष्पीपेक्षा हे स्वस्त आहे. मात्र ओळखीचा रस्ता चुकणे, रोजची रांगोळी काढता न येणे, घरच्यांची नावे विसरणे हे वहीने भागणारे नाही, तिथे डॉक्टर हवा.

जेवणाचे थोडे सांगते. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी ५४.२ टक्के बायकांचे रक्त कमी निघाले. म्हणजे हळदीकुंकवाला दहा जणी बसल्या तर त्यातल्या पाचसहा जणी! आमच्याकडे ताटात भात जास्त आणि भाजी बोटभर. त्यातही बाईच्या वाट्याला पातेल्याला लागलेली. पावसाळ्यात तरोट्याची भाजी येते, धोप्याची पाने येतात, पुढे हिवाळ्यात चवळी, हरभरा. भाजी लोखंडी कढईत करावी, वर लिंबू पिळावे, लिंबाने लोह अंगी लागते. जेवणाला लागून चहा घेऊ नये, चहाने ते अंगी लागत नाही. अळीव, तीळ, गूळ जरूर खावेत, पण सातवर आलेले रक्त लाडवांनी बारावर जात नाही, तिथे गोळ्याच लागतात.

जाऊबाईंचे हिमोग्लोबिन आता साडेबारा आहे. तांदूळ खाण्याची ओढ तर गोळ्या सुरू झाल्यावर महिनाभरातच गेली, त्यांनाही नवल वाटले. भाजीत मीठ एकदाच पडते. दीरांनी त्यानंतर आळसाचे नाव काढलेले नाही. आणि सासूबाई? त्यांचे निरगुडीचे तेल अजून कढते, शनिवारी आम्ही दोघी जावा पाळीपाळीने एकमेकींच्या पाठीला लावतो. पण आताशा घरी कुणी पाहुणी आली आणि "अंग दुखून राहिलं हो" म्हणाली, की सासूबाई बाटली आणायला उठण्याआधी तिला खिडकीपाशी उजेडात नेतात आणि म्हणतात, "पापणी दाखव पाहू आधी."